शेगडीला नाक लावणारे काका

डोंगरावर सहली नेणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकी दमला तरी कोणाला दिसत नाही. चढ संपला की बाकीचे आडवे होतात आणि त्याचं काम तिथून सुरू होतं. या स्वयंपाक्याला सगळे काका म्हणत. गुडघे कुरकुरत, काका कुरकुरत नसत.

छोट्या शेगडीला गॅसचा डबा फिरवून बसवायचा, गॅस गळत नाही ना हे बघायला वाकून जोडाला नाक लावायचं आणि ‘हं’ म्हणायचं. तोवर कोणी काडी ओढायची नाही, हा शिरस्ता काकांनीच घातलेला. लोकांना त्या नाकाचं कोण कौतुक! खरं तर एका लांबलेल्या आजारपणात काकांना वास येणं बंद झालं ते झालंच. घरी दूध करपलं तरी बायको ओरडेपर्यंत पत्ता नसे. कामावर कळलं असतं तर शेगडी हातची गेली असती, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं. म्हणून ते आधी गुपचूप जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहत, आणि नाकाचं नाटक मागाहून करत.

त्या संध्याकाळी वारा असा सुटला की शेगडी तंबूच्या दाराशी, आडोशाला घ्यावी लागली. काकांचं अंग मोडून आलं होतं, बोटं बधिर झाली होती. साबणाची बाटली पिशवीच्या तळाशी होती, ती उकरून काढायचा कंटाळा आला. त्यांनी डबा बसवला, नाक लावलं आणि ‘हं’ म्हटलं. नाटक इतकं अंगवळणी पडलं होतं की खुद्द काकांचाच त्यावर विश्वास बसला.

काडी ओढणार तोच त्यांचं मनगट कोणीतरी धरलं. सामान वाहायला बरोबर येणारा त्यांचा मेव्हणा होता. डबा तिरका बसला होता आणि गॅसचा वास दारभर पसरला होता. मेव्हण्याने तो काढून लांब उघड्यावर नेऊन ठेवला आणि परत येऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

“भावोजी, तुम्हाला वास येत नाही.”

सर्दीचं निमित्त काकांच्या ओठांवर आलं होतं, पण ते रेटायचंही त्राण उरलं नव्हतं.

“नाही येत,” ते म्हणाले.

“खाली उतरल्यावर मालकांना तुम्हीच सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल.”

तंबूतून कोणीतरी जेवणाला किती वेळ म्हणून विचारलं. आज आपण करतोय, असं सांगून मेव्हण्याने नवा डबा काढला. काका बाजूच्या दगडावर बसले. काम सुटणार हे त्यांना कळत होतं, बायकोला काय सांगायचं याची धास्तीही होती. पण आतल्या माणसांचे जीव आता आपल्या हातात नाहीत, एवढ्यानेच त्यांना इतकं हलकं वाटलं की त्याची त्यांना लाज वाटली.