हंसामावशीची गाडी सुरू होईना

हंसामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती गाडीच्या बॉनेटवर कान टेकून उभी होती. पदर खोचलेला, डोळे मिटलेले. तारापूरकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि बेटेगावात तिच्या घरातली खोली भाड्याने मिळते असं कळलं होतं. मी नमस्कार करायच्या आतच ती म्हणाली, "बरी आलीस. आत बस आन् चावी फिरव."

मी मुकाट्याने आत बसले आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं, सुरू मात्र झालं नाही.

"फिरते ना? हळू फिरते का जोरात?"

"मला काय माहीत, मावशी?"

"मंग परत फिरव. कळेपर्यंत फिरव."

खोली मला मिळाली. ती दाखवायची मात्र राहून गेली. सामान घेऊन आले त्या दिवशीच मी ती पाहिली.

मावशी तारापूरच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची, मासेमारी करणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर त्याची जुनी डिझेल गाडी माडाखाली उभी होती. दिराने ती भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा हिने वयाच्या पन्नाशीत गाडी चालवायला शिकून घेतली आणि मागच्या सीटवर बोंबील, सुकट भरून सफाळ्याच्या बाजाराला जायला लागली. "बोटीचं इंजिन बंद पडलं तर मानूस वाऱ्यावर जातो," ती म्हणायची. "गाडीचं बंद पडलं तर निदान चा मिळतो."

आणि गाडी बंद पडायची. त्यावर मावशीचं एक शास्त्र होतं, ते ती दारात आलेल्या कुणालाही ऐकवायची. "चावी फिरवली आन् नुसतं टिक वाजलं, तर करंट पोचत नाय. कण्हत कण्हत फिरली, तर बॅटरी नायतर तारा. जोरात फिरते पण धरत नाय, तर मागं जाऊन धूर बघायचा. पांढरा धूर आला, तर डिझेल येतंय पण इंजिनातला हीटर तापत नाय. धूरच नाय, तर डिझेलच येत नाय." शास्त्र बरोबर होतं. पण गाडी खरोखर अडली की मावशीचा धीर सुटायचा आणि ती सगळे उपाय एकदम करायला घ्यायची. एका रविवारी तिने सकाळभर हीटर तपासले, तारा घासल्या, मिस्त्रीला तीनदा फोन केला. शेवटी मी टाकीत काठी घालून पाहिली, तर टाकी कोरडी.

"डिझेलच येत नाय, बोलले ना मी?" मावशी म्हणाली. "मंग? बरोबरच होतं."

सफाळ्याच्या बाजारातली गोष्ट मात्र वेगळी. त्या दिवशी मीही सोबत होते. परतायच्या वेळी गाडी कण्हायला लागली. भोवती माणसं जमली आणि सगळ्यांनी बॅटरी मेल्याचं जाहीर केलं. गर्दीत मधुकरभाऊ होते. निवृत्त कंडक्टर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दर आठवड्याला मावशीकडून सुकट नेणारे. त्यांनी बॉनेटखाली वाकून बॅटरीच्या टोकांवर साठलेल्या पांढऱ्या भुकटीकडे बोट दाखवलं. मग पलीकडच्या टपरीवरून किटलीभर गरम पाणी आणलं, तारा सोडवल्या आणि मावशीकडे पाहून विचारलं, "ओतू?"

मावशीने मान डोलावली. टोकं धुऊन, पुसून, तारा आवळल्यावर गाडी अशी गरजली की शेजारच्या कोंबडीवालीच्या कोंबड्या ओरडायला लागल्या.

"अख्ख्या बाजारात एकच शब्द बोलला हा मानूस," घरी येताना मावशी म्हणाली, "आन् तोच कामाचा."

त्यानंतर गाडीला एक नवाच रोग जडला. बेटेगावात चालू व्हायची, बोईसरात चालू व्हायची, फक्त सफाळ्यात अडायची. एका संध्याकाळी सुकट निवडता निवडता मावशीने विचारलं, "बाय, साठीला मानूस लगीन करतो काय?"

"कोण करतंय?"

"मी."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सुकट अंगणभर झाली. शेजारचे दळवीकाका काय झालं म्हणून धावत आले, तर त्यांना साक्षीदार नेमून टाकलं.

मावशीची अट एकच होती. पालघरच्या विवाह नोंदणी कार्यालयात ती स्वतःची गाडी स्वतः चालवत जाणार. भाऊंनी रिक्षा पाठवतो म्हटलं, ते तिने ऐकलं नाही. "पयल्या टायमाला मला कोणी इचारलं नाय," ती मला म्हणाली. "गाडीत बसवली आन् नेली. आता मी जाईन. माझी मी."

म्हणूनच लग्नाच्या आदल्या दिवशी मिस्त्रीकडून गाडीचं सगळं करून घेतलं. नवा फिल्टर बसवून मिस्त्री गावाला गेला. सकाळी मावशी हिरव्या साडीत, मोगरा माळून गाडीत बसली. मी शेजारी, दळवीकाका मागे. चावी फिरवली. इंजिन जोरजोरात फिरलं, धरलं नाही.

दुपारी जेवायच्या आधी पोचायचं होतं; त्यानंतर नोंदणीचे साहेब दुसऱ्या गावी जाणार होते. दळवीकाका म्हणाले, धक्का मारू. सगळी आळी जमली आणि गाडी पार नाक्यापर्यंत ढकलली. ती ढकलली गेली, एवढंच. तेवढ्यात पालघरहून भाऊंचा फोन आला.

"कुठे आहात?"

"बॉनेटखाली," मावशी म्हणाली. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. "जोरात फिरते हो, पन धरत नाय."

"धूर?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मी मागे पळाले, दळवीकाकांनी चावी फिरवली. धुराचा पत्ता नव्हता.

"धूर नाय."

"मग तुम्हाला माहीत आहे," भाऊ म्हणाले. "घाई नाही. मी इथेच आहे."

मावशीने डोळे पुसले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि फिल्टरजवळचा हातपंप दाबायला लागली. मी फिल्टरवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल केला. डिझेलऐवजी नुसता फेस आला. लाइनमध्ये हवा शिरली होती. फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत पंप मारला, स्क्रू आवळला. गाडी चालू झाली, आळीने टाळ्या वाजवल्या आणि ती लगेच बंद पडली.

"हवा परत शिरते कुठून?" मी म्हटलं.

"थांब. सगळं एकदम नाय करायचं," मावशी स्वतःलाच म्हणाली. मग तिने पाइपवरून बोट फिरवत नेलं. नव्या फिल्टरपाशी बोट ओलं झालं. पाइपची क्लिप सैलच राहिली होती. तिने लग्नाच्या पर्समधून पेचकस काढला, क्लिप आवळली, पुन्हा पंप मारला. या वेळी गाडीने धरलं आणि सोडलं नाही.

पालघरला पोचलो तेव्हा मावशीच्या पदराला डिझेलचा वास येत होता. भाऊ फाटकाशी उभे होते. मी म्हटलं, "गाडी चालूच ठेव, मावशी. परत अडली तर?"

मावशीने चावी फिरवून इंजिन बंद केलं. "अडली तर दोघं मिळून बघू," ती म्हणाली आणि उतरली.

सह्या झाल्या, हार घातले, साहेबांनी पेढा खाल्ला. दळवीकाका आणि मी सगळ्यांचे आभार मानून बाहेर आलो, तर आवारात गाडी नव्हती. दोघं आम्हाला विसरून सफाळ्याला निघून गेली होती. मी फोन लावला. तो भाऊंनी उचलला.

"भाऊ, आम्ही दोघं पालघरलाच आहोत."

पलीकडून मावशीचं हसू ऐकू आलं, थांबायचं नाव न घेणारं. "वळवू काय गं?" ती गाडी चालवता चालवता ओरडली.

"नको, जा तुम्ही," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"बरं," भाऊ म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "एक सांगा, गाडी चालवताना ही नेहमीच एवढी हसते?"