नसलेला ठळक फॉन्ट

बोर्डीला माझ्या मामांची चिकूची वाडी आहे. तिची वेबसाइट मी केली तेव्हा आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. नुसता फॉन्ट निवडायला मी तीन दिवस घालवले! मग घाईघाईत त्याची साध्या अक्षरांची फाइल तेवढी चढवली आणि वाडीचं नाव ठळक दाखव, असं ब्राउझरला सांगून मोकळी झाले. ठळक अक्षरांची फाइल चढवायची राहूनच गेली. पण ब्राउझर कसला अडतोय! त्याने साधीच अक्षरं आपल्या मनाने फुगवली. त्यांची पोटं बुजली, कडा सुजल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा मात्र तिकडे बोर्डीला माझ्याशी फोनवर बोलत वाडीभर नाचत होते. "अगं, हे तर आपल्या पेटीवरचं नाव!"

चिकूच्या पेट्यांवर मामी पत्र्याचा साचा धरून शाईचा बोळा फिरवते. शाई साच्याखाली पसरते आणि अक्षरं अश्शीच सुजतात.

पण मी कसली ऐकते! दुपारी खरी ठळक फाइल चढवलीच. काय देखणी, कोरीव अक्षरं! पाच मिनिटांत मामांचा फोन आला, "ही कुणाची वाडी लावलीस गं?"

मी फणकाऱ्याने ती फाइल उडवली. "घ्या, बघा आता!"

मामांनी पान पुन्हा उघडलं. नाव टम्म फुगलेलं होतं. फोनवर मागून मामीचा आवाज आला, "हां, आता कसं माझ्या हातचं!"

मी खो खो हसत सुटले. ती फाइल पुन्हा कधी चढवली नाही.