लेक देणारे विलासशेठ

दसऱ्याआधीचा रविवार, सकाळ. स्थळ रावेत, विलासशेठ यांचं वापरलेल्या गाड्यांचं दुकान. हजर: माझा धाकटा भाऊ महेश, त्याची बायको सुनंदा, मी, स्वतः विलासशेठ आणि त्यांच्या पत्नी. पत्नीच्या हातात आरतीचं ताट तयार होतं. आम्ही अजून गाडीचं दारही उघडलं नव्हतं.

विलासशेठची ओळख या ताटापासूनच करून द्यायला हवी, कारण त्यांचा सगळा धंदा त्यावर चालायचा. गिऱ्हाइकासोबत बायको आली की आधी तिची ओटी भरायची. तांदूळ, खण, नारळ. मग गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आत उदबत्ती आणि किल्ली घेतानाचा फोटो. व्यवहाराचं बोलणं त्यानंतर. तोवर फोटो सासरी-माहेरी पोचलेला असे. पूजा झालेली गाडी सोडून येणं आपल्याकडे साखरपुडा मोडण्यासारखं वाटतं. कपाळावर अष्टगंध लावून बसलेल्या या माणसाला तेवढं एक पक्कं ठाऊक होतं, आणि त्यापलीकडे काही ठाऊक असण्याची त्याला गरज पडली नव्हती.

"सेकंड हँड म्हनू नका, ताई," ते मला म्हणाले. "हाताळलेली भाजी आसती. आमी गाडी इकत न्हाई, लेक देतो."

म्हणजे हा गृहस्थ दर रविवारी दोन-तीन लेकी उजवायचा आणि सोमवारी त्यांची नावं विसरायचा. दुसरं लाडकं वाक्य, "जमीन गेली, पन जबान न्हाई गेली." वडिलोपार्जित शेत विकून दुकान काढलं होतं, त्याचा हा मिरवायचा टिळा.

आम्हाला गाडीची गरज खरी होती. महेश चाकणजवळ निघोज्याच्या कंपनीत आहे. पावसाळ्यात चाकण रस्त्यावर ट्रकने कट मारला, तो दुचाकीवरून फेकला गेला आणि डॉक्टरांना खांद्यात सळई बसवावी लागली. रात्रपाळीला आता चारचाकीनेच जायचं, असं सुनंदाने ठरवलं. नवी परवडत नव्हती. ही जेमतेम वर्षभर वापरलेली, पांढरी, आरशासारखी, आणि संशय यावा इतकी स्वस्त.

"एवढी स्वस्त का?" मी विचारलं.

"मालक परदेशी गेला, ताई."

त्या दुकानातल्या प्रत्येक गाडीचा मालक परदेशी गेलेला होता.

पूजा उरकली. महेश विरघळलाच होता, फोटोही पाठवून झाला होता. मी आत जाऊन बसले. उदबत्तीच्या वासाखाली ओल्या गोणपाटासारखा वास होता. मी सीटचा पट्टा ओढला आणि शेवट येईपर्यंत ओढत राहिले. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. खरवडली तर नखात गाळ आला. पुरात बुडालेली गाडी घासूनपुसून चमकवता येते, पण गुंडाळीत दडलेला पट्टा कोणी धूत नाही. आणि जिथे पाणी शिरलं, तिथल्या एअरबॅगवर कोण भरवसा ठेवणार?

"मालक शेतकरी व्हता," विलासशेठ म्हणाले. "माती लागनारच."

"मघाशी परदेशी गेला होता."

"गेला न्हवं. शेती इकून गेला."

महेश माझ्या कानाशी आला. "ताई, पूजा झालीय गं. आता नाही कसं म्हणायचं?"

"का? गाडीला सुतक लागेल?" मी म्हटलं. त्याने मान खाली घातली. खांद्यात सळई असलेल्या माणसाला झेंडूच्या हाराची भीती वाटावी, याची मला चीड आली.

सुनंदा ओटी सावरत पुढे आली. ती म्हणाली, "शेठ, लेक देताय ना? मग आठ दिवस तुमच्या मुलाला हिच्यातूनच चाकणला पाठवा. त्यानंतर आम्ही नेतो."

विलासशेठची जबान पहिल्यांदाच गेली. त्यांच्या पत्नीने ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ओटी घेऊन मोकळ्या हातानं जानार, वहिनी?" ते शेवटी म्हणाले. "घराला बरं न्हाई ते."

"मोकळ्या कुठे? नारळ आहे की," सुनंदा म्हणाली, आणि आम्ही निघालो. त्या नारळाच्या वड्या चांगल्या झाल्या.

दिवाळीनंतर त्या जागी व्यायामशाळेची पाटी लागली. फोन बंद. शेजारच्या पानवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "मालक परदेशी गेला."

परवापासून चिंचवडला आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याच्या जागेवर एक पांढरी गाडी उभी असते. नंबर तोच. बॉनेटवर कुंकवाचं नवं स्वस्तिक अजून ताजं आहे. सकाळी ती मुलगी नवऱ्याला टाटा करते, पट्टा लावते आणि चाकणच्या दिशेने निघते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत असते. पट्टा एकदा शेवटपर्यंत ओढून बघा, एवढंच खाली जाऊन सांगायचं आहे. ते राहिलं आहे.