सात वाजताचा निरोप

नातवंडांनो, तुमच्या आत्याने, म्हणजे माझ्या लेकीने, मागे एका रविवारी जळगावात भाषण केलं, आणि ते ऐकताना मला खुर्चीत धड बसवेना. विषय संगणकाचा होता. तरीही का बसवेना, हे कळायला आधी माझी लबाडी सांगायला हवी.

मी धुळ्यात एकटी राहते आणि मला इथेच राहायचं आहे. तुमचे आजोबा गेल्यावर आत्याने अट घातली: रोज सकाळी सातला फोनवर एक निरोप. "उठले. चहा झाला." एवढा पुरे. नाहीतर सामान बांधून जळगावला यायचं. जन्मभर मी घड्याळावर चालले, त्यामुळे हे जड नव्हतं. पण एकदा दूधवाल्याशी बोलता बोलता दहा मिनिटं उशीर झाला, तर तिचे चार फोन येऊन गेले आणि समोरच्या, शिवणकाम करणाऱ्या भाभी गळ्यात टेप तशीच ठेवून दारात उभ्या.

"अक्का, बऱ्या आहात ना? तिकडे तुमची लेक रडायला लागली!"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मग मी फोनमधली एक सोय शोधून काढली. निरोप आधीच लिहून वेळ लावून ठेवायची, फोन आपणहून पाठवतो. दर रविवारी दुपारी मी आठवड्याचे सात निरोप लिहू लागले. संशय नको म्हणून प्रत्येक वेगळा. फक्त हवामानाबद्दल लिहीत नसे, कारण ते आधी ठरवता येत नाही.

हिवाळ्यात मला चक्कर आली. दोन दिवस भिंत धरून न्हाणीपर्यंत जाणं, बाकी अंथरूण. त्या दोन्ही दिवशी सात वाजता माझ्या फोनने कळवलं की चहा झाला, गच्चीवर फेऱ्या मारल्या. आत्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. मी बरी झाले. कोणाला कळलं नाही याचा तेव्हा मला आनंदच झाला.

तर तो रविवार. एका क्लासच्या हॉलमध्ये पाचोरा, चाळीसगाव, शिरपूरकडून आलेली संगणकातली मुलंमुली बसली होती. आत्याची छोटी कंपनी केळी पिकवण्याच्या बंद खोल्यांवर लक्ष ठेवते. खोलीतलं यंत्र दर काही सेकंदांनी तापमान पाठवतं, आणि ही माहिती साठवून नंतर नव्हे, तर येईल तशी वाचायची असते. हा ओघ नीट चालू आहे की नाही हे ओळखायचं कसं, यावर ती बोलणार होती. पहिल्या रांगेत चोपड्याकडचे एक केळीवाले आबा बसले होते. त्यांना तिनेच बोलावलं होतं. का, ते मला लवकरच कळलं.

तिने पडद्यावर एक सरळ हिरवी रेघ दाखवली. "या खोलीतलं यंत्र दुपारी बंद पडलं. रेघ मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत अशीच हिरवी होती."

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "तुमनं मशीन म्हणे, बठ्ठं बरं शे! अन् माल मझार काया व्हई गया!"

यंत्र सगळं बरं सांगत राहिलं आणि आत माल काळा पडला, हे त्यांच्या अहिराणीत ऐकून हॉल हसला. आत्या हसली नाही. "आबा, ती चूक माझी होती. नेटवर्क जरा तुटलं की रेघ तुटायची आणि तुम्ही सगळे घाबरून फोन करायचात. म्हणून मी ठरवून दिलं, की नवा आकडा आला नाही तर आधीचाच पुन्हा दाखवायचा. कोणी घाबरू नये म्हणून. धोक्याची घंटा वाजली असती तर माल वाचला असता. खोटं 'बरं आहे' आलं, म्हणून कोणी दार उघडून पाहिलंच नाही."

मी पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "आजी, पाणी हवंय का?" मला पाणी नको होतं. उठून बाहेर जावंसं वाटत होतं, आणि प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा माझाच हात वर गेला.

"अशा यंत्राचं पुढे काय करता? काढून टाकता?"

सगळे वळून बघू लागले. "या माझ्या आई," आत्या कसंनुसं म्हणाली. "काढत नाही. पण ते आपणहून जे सांगतं त्यावर विसंबत नाही. मध्येच, कधीही, आम्ही त्याला विचारतो. उत्तर आलं तर ठीक."

परतताना तिच्या स्कूटरवर मागे बसून मी सगळं सांगितलं. मागून तोंड दिसत नाही, ते बरं पडलं. तिने गाडी रसवंतीपाशी कडेला घेतली.

"चक्कर कधी आली होती?"

सांगितलं.

"गच्चीवर फेऱ्या!" ती म्हणाली. "आई, मी त्याला अंगठा पाठवला गं."

"सामान बांधू का?" मी विचारलं. अट मोडली होती, ती मीच मोडली होती.

तिने गाडी सुरू केली. घरी येऊन जेवलो. दुपारी तिने मला बसस्टँडवर सोडलं, धुळ्याच्या गाडीत खिडकी धरून दिली, आणि म्हणाली, "आता मी विचारणार. कधी ते सांगणार नाही."

तेव्हापासून प्रश्न येतात. कधी सकाळी सहाला, कधी भाजी चिरताना. जास्वंदीला आज किती फुलं? भाभींच्या दोरीवर कोणत्या रंगाचं कापड वाळतंय? बाहेर जाऊन बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. माझं वेळापत्रक पार विस्कटलं आहे. फोन हातात घेऊन घरभर फिरते.

काल अकरा वाजले तरी प्रश्न आला नव्हता. मी दोनदा फुलं मोजून ठेवली. सव्वाअकराला राहवलं नाही, मीच फोन लावला आणि तिला विचारलं, "तुझ्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय?"