पेजच्या नावावरची नक्षी आज उतरवली

मंडळी, आज दुपारी आपल्याच हौसेची लाज वाटली.

लोहगडवाडीतल्या माझ्या टपरीचं पेज तुम्हाला माहीत आहे. ‘मावशीची भाकरी’ हे नाव मराठीत नक्षीदार होईना, म्हणून मी ते इंग्रजीत लिहून एका वेबसाइटवरून वळणदार अक्षरं कॉपी केली होती. सगळ्यांना दाखवत मिरवत होते.

आज गड उतरून एक भाऊ आले. त्यांना दिसत नाही, पडद्यावरचं सगळं फोनच मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणाले, "मावशी, मागच्या वर्षी इथंच जेवलो होतो. पेज खूप शोधलं, सापडलं नाही. शेवटी विचारत विचारत आलो."

"आसं कसं? हाय की," म्हणत मी माझ्या फोनवरून लिंक पाठवून त्यांच्या फोनवर पेज उघडून दिलं. तर फोन एकेक अक्षर गणिताचं चिन्ह म्हणून वाचायला लागला. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. दिसायला ती अक्षरं, पण फोनच्या लेखी गणिताची चिन्हं; म्हणूनच पेज शोधून सापडत नव्हतं.

पिठलं शिजेपर्यंत चुलीपाशी बसूनच साध्या मराठीत नाव लिहिलं. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि हसून म्हणाले, "आता भाकरी वाढा."

भाऊ, न रागावता सांगितलंत, लय उपकार झाले.

तुमच्या पेजचं नाव तुम्ही कधी डोळे मिटून फोनकडून ऐकलंय का?