मार्चअखेरची रोपं

सिल्लोड रस्त्यावरच्या एका खेड्यात मी शाळेची मुख्याध्यापिका आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, टँकर एक दिवसाआड येत असताना, आमच्याकडे झाडं आली. कडुलिंब आणि करंजाची दोनशे रोपं, ट्रॅक्टर भरून. सोबत तालुक्याचे साहेब.

"बाई, आजच लावून टाका. एकतीसच्या आत खर्च पडला नाही तर निधी परत जातो."

पाण्याचं काय, मी विचारलं. ते नंतर बघू म्हणाले आणि 'लागवड पूर्ण' असं छापलेला कागद पुढे केला. माझी सही झाली की फोटो, फोटो झाला की साहेब मोकळे. मैदानाच्या कडेला मागच्या मार्चमधले खड्डे तसेच होते. तेव्हाही मी मुकाट सही केली होती, आणि मेपर्यंत एक पान उरलं नव्हतं. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

यंदा माझं डोकंच फिरलं. माझ्या पगारातून महिन्याच्या महिन्याला व्यवसाय कर कापता, तो पैसा असा उन्हात जाळू देणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. रोपं ठेवून जा, ओल आल्यावर लावते, सही तेव्हाच.

"तेव्हा वर्ष बदललेलं असतं, बाई. गावापुढे शून्य पडंल."

"पडू द्या."

खिचडी शिजवणारी मावशी मेंढपाळाघरची. ती हात पुसत बाहेर आली. "उन्हाळ्यात आमी कोकरं जगवितो, ही नाय का जगायची?" म्हणत तिनं पिशव्या उचलल्या आणि भिंतीच्या सावलीला मांडल्या. तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्यांना गेलं. सुट्टी लागल्यावर ती घरून घागर आणायची. मीही दर चार दिवसांनी शहरातल्या माझ्या घरून एसटीनं फेरी मारायचे. तीसेक रोपं मेली, त्याचं वाईट वाटलं. बाकीची जुलैत मुलांनी लावली.

ऑगस्टमध्ये नोटीस आली. लागवड शून्य, निधी अखर्चित, वेतनवाढ का रोखू नये याचा खुलासा करावा.

मी लगेच खुलासा लिहिला. गेल्या वर्षीची माझी सही खोटी होती, वेतनवाढ रोखायची तर तिच्यासाठी रोखा. यंदाच्या शून्यातली झाडं मोजायला कधीही या, मावशी चहा ठेवील.