नवस फेडल्यानंतरची तपासणी

नवस एकदा फेडला की त्या गोष्टीकडे परत वळून बघायचं नाही, असं आमच्या घरात मानतात. माझ्या फुफ्फुसातली गाठ काढली तेव्हा आमच्या अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता. मी चालायफिरायला लागले तशी हुबळीहून सगळं घर गाडी करून डोंगरावर गेलं. देवीला हिरवी साडी नेसवली, पुरणपोळ्यांनी तिची पडली, म्हणजे नैवेद्याची टोपली, भरली. उतरताना अक्का म्हणाल्या, "संपलं बघ. आता त्या रोगाचं नाव काढायचं नाही." मीही काढलं नाही. जन्मात विडीचा धूर घेतला नाही तरी हे माझ्याच वाट्याला का, हा प्रश्नसुद्धा मी तिथंच ठेवून आले, असं समजत होते.

डॉक्टरांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला स्कॅन चांगला आला, तरी ते म्हणाले, एक रक्ततपासणी करू. गाठीचा कुठं अंश राहिला असेल तर त्याच्या बारीक खुणा रक्तात उतरतात, स्कॅनमध्ये दिसायच्या आधीही कधीकधी सापडतात. नमुना बेंगळूरला पाठवायचा. घरी सांगितलं तर अक्का ओट्यापुढून गर्रकन वळल्या. "देवीनं दिलेलं तपासून घेतेस? तिची परीक्षा बघतेस काय गं?" आमचे हे दोघींच्या मध्ये कधीच पडत नाहीत, दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून सटकले. मी हट्टी बाई आहे, हे सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरं सांगते, या वेळी हट्ट करायची मला भीती वाटली. अक्कांचं खरं असलं तर? तपासून मीच रोग परत ओढवून घेतला तर? ठरल्या दिवशी मी गेले नाही. पुन्हा बोलावलं, तेव्हाही गेले नाही. खोकला आला की नळ सोडून खोकायची, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटी मला माझाच राग आला. जिच्या कोपाची भीती घालतायत, तिलाच जाऊन विचारू, असं ठरवून एक दिवस एकटीच सौंदत्तीच्या बसमध्ये बसले. घरी सांगितलं, नवनगरला मैत्रिणीकडे जाऊन येते. दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढं खेड्यातली एक बाई होती, माझ्याहून वयानं मोठी, डोक्यावर भरलेली पडली. तिनं कन्नडमध्ये विचारलं, नवस आहे काय? मी म्हटलं, फेडलाय. "आमचाही कधीच फेडलाय," ती म्हणाली. तिच्या मुलीला आकडी यायची, त्यासाठी बोललेला नवस. मुलगी आता बरी काय, असं मी विचारलं. "बरी आहे की. संसार करते, शेतात जाते. गुळिगी बिट्टिल्ल, यव्वा." गोळी सोडली नाही, बाई. भात शिजला म्हणून सांगावं इतक्या सहज तिनं सांगितलं. आणि माझ्या मनावरचं ओझं एकदम खाली उतरलं. नवस फेडलेला आणि गोळी चालू, दोन्ही एकाच घरात सुखानं नांदत होती. ती बाई वर्षानुवर्षं इथं येत होती आणि देवी तिच्यावर रागावलेली नव्हती.

दर्शन झाल्यावर तिनं माझ्या कपाळाला भंडारा लावला. बोटांना राहिलेली हळद तिनं माझा हात धरून कोपराच्या आतल्या बाजूला पुसली, रक्त काढायला सुई टोचतात नेमक्या त्या जागी. तपासणीचं मी तिच्याजवळ अवाक्षर बोलले नव्हते. बोटं पुसायला जागा हवी असेल, असंही असेल. मी त्यावर वाद घालत नाही. पदर सावरून वर बघते तो ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात सगळ्यांना सांगून, कुणाच्या होकाराची वाट न बघता, दवाखान्यात गेले. नर्सनं स्पिरिटचा बोळा फिरवला तो पिवळा झाला.

रक्तात खुणा सापडल्या. मग आणखी बारकाईनं स्कॅन केला, तर छातीत मधोमध एक लहानशी गाठ दिसली, जुन्याच रोगाची. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलंय, रोजची गोळी सुरू करू. बरं होईल असं वचन त्यांनी दिलं नाही. मी पोटभर रडले. अक्का देव्हाऱ्यापुढं बसून राहिल्या. "माझंच चुकलं. पडली घाईघाईनं भरली," एवढंच म्हणत होत्या. या बाईनं माझ्यासाठी जीव टाकला आणि आता स्वतःलाच दोष देत बसली, हे मला रोगापेक्षा जड झालं. त्यांच्याजवळ बसून मी म्हटलं, "अक्का, तुमचं काही चुकलं नाही. देवीनं दिलेलं परत नेलं नाही. हे तिनं वेळेत दाखवलं." गोळी सुरू करायच्या दिवशी सकाळी अक्का गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन समोर उभ्या. "घे. आणि तोंड वाकडं करू नकोस."

गोळीनं अंगावर पुरळ येतं, तोंड सोलून निघतं. तरी एक दिवस चुकवत नाही. पुढं काय व्हायचं ते मी यल्लम्माआईवर सोडलंय. गोळी घेणं, रक्त देणं, कळेल ते ऐकून घेणं, एवढं माझ्याकडे ठेवलंय आणि ते मी सोडणार नाही. डोंगरावरच्या त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. रोज नमस्कार करताना तिच्यासाठीही हात जोडते.

परवा पुन्हा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले, तर अक्का न सांगता रिक्षात येऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, या वेळी खुणा सापडल्या नाहीत, पण म्हणजे रोग गेलाच असं धरून चालू नका. मला वाटलं, आता अक्का सौंदत्तीला जायचं काढणार. त्या खुर्चीत पुढं सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हिचं पुढचं रक्त कधी घ्यायचं?"